बाळ का राहत नाही?

खेड्यात एखाद्या बाईला विचारावे, "मुलं किती?" ती सांगते, "तीन आहेत. एक राहिलं नाही." एवढे बोलून ती गप्प बसते. आपणही पुढे विचारत नाही.

आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलाचे नाव घालायला आया येत. आम्ही जन्मतारीख विचारत असू. पुष्कळ बायांना तारीख सांगता येत नसे. पण "ह्याच्या आधीचं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलं, त्याला दीड वर्ष झाल्यावर हा झाला," असा हिशेब त्या बिनचूक सांगत. दाखलखारीज रजिस्टरात गेलेल्या मुलासाठी रकाना नसतो. आईच्या हिशेबात मात्र ते मूल असतेच.

ही मुले का राहत नाहीत, ते आज आपण वाचू. विषय दुःखाचा आहे, पण वाचण्यासारखा आहे. कारण यातली पुष्कळ मुले वाचू शकतात.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ. काही बाळे पोटातच जातात, किंवा जन्मताना जातात. सात महिने, म्हणजे २८ आठवडे भरल्यावर असे झाले, तर त्याला मृत जन्म म्हणतात. काही बाळे जिवंत जन्मतात, रडतात, पण पहिल्या आठवड्यातच जातात. एक बाळ पोटात गेले आणि दुसरे तिसऱ्या दिवशी गेले, तरी बहुतेक वेळा दोघांची कारणे एकाच घरातली असतात. म्हणून डॉक्टर लोक या दोन्हींचा विचार एकत्र करतात.

२०२१ साली साऱ्या जगात सुमारे १९ लाख बाळे मृत जन्मली. त्याच वर्षी सुमारे २३ लाख बाळे जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत गेली. त्यांतली दर चारांपैकी तीन पहिल्याच आठवड्यात गेली. माणसाच्या साऱ्या आयुष्यात जन्माच्या दिवसाइतका जोखमीचा दिवस दुसरा नाही.

आता लोक काय म्हणतात ते पाहा. कोणी म्हणते, "नशिबात नव्हतं." कोणी म्हणते, "करणी झाली." कोणी म्हणते, "सून पांढऱ्या पायाची." कोणी ग्रहणावर खापर फोडते, की तिने ग्रहणात विळी हातात घेतली. दोन बाळे लागोपाठ गेली, तर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आम्हाला याचा संताप येतो. बाळ गेले त्याचे दुःख सगळ्यांत जास्त जिला, तिच्याच माथ्यावर दोष! आणि नशीब म्हटले की कारण शोधायचे काम संपले. मग तेच कारण पुढच्या बाळालाही खाते.

हे नशिबाचे काम नाही, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्हा जंगलाचा. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. १९९३ पासून त्यांनी खेड्यांतल्या जन्मांची आणि मृत्यूंची नीट मोजणी सुरू केली. तेव्हा जिवंत जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. रस्ते नव्हते, दवाखाना लांब, बाळंतपणे घरीच होत. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावातल्याच लिहिता-वाचता येणाऱ्या बायांना शिकवून तयार केले. बाळ गुदमरले तर काय करायचे, त्याला ऊब कशी द्यायची, वजन कसे करायचे, अंगात विष भिनायला लागले ते कसे ओळखायचे, सुई कशी टोचायची, हे सारे त्यांना शिकवले. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणत. तीन वर्षांत ६२ चे २५ झाले. ४७ शेजारच्या गावांत हे काम नव्हते. तिथले आकडे होते तसेच राहिले. १९९९ साली विलायतेतल्या 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात हे छापून आले आणि जगाने ते वाचले. त्या बाया फार शिकलेल्या नव्हत्या, बरं का. आज गावोगाव आशाताई बाळ बघायला येते, ती याच वाटेने.

तेव्हा नशीब बाजूला ठेवू आणि कारणांकडे वळू.

पोटात बाळ जगते ते वारेच्या जिवावर. वार म्हणजे बाळंतपणानंतर पडते ती. तिच्यातून आईचे अन्न आणि प्राणवायू नाळेवाटे बाळाला मिळतो. शेताला पाटाचे पाणी मिळते तसेच हे समजा. पाटाला पाणी कमी आले, तर पीक खुरटते. पाटच फुटला, तर वाळून जाते. पोटात गेलेल्या पुष्कळ बाळांचे असेच झालेले असते. वार नीट वाढलेली नसते, किंवा वेळेआधी सुटते.

वारेला सगळ्यांत जास्त इजा करतो तो रक्तदाब. गरोदरपणात काही बायांचा रक्तदाब चढतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. नर्सबाई दंडाला पट्टा बांधून तो मोजते. वरचा आकडा १४०, खालचा ९०, यांतला कोणताही एक आकडा गाठला की सावध व्हायचे. लघवी तपासायची. तोंडाला सूज आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली पोटात दुखू लागले, तर "पित्त झालंय, सुंठ घे" म्हणत बसायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुढची पायरी झटक्यांची असते. झटके आले की बाळ आणि आई दोघांचाही जीव टांगणीला लागतो. घरचे लोक ते अंगात आले म्हणून लिंबू-नारळ उतरवतात, आणि इकडे वेळ निघून जातो.

दुसरे कारण अंगात रक्त कमी असणे. आपल्याकडे हे घरोघर आहे. रक्ताचा आकडा ११ च्या खाली गेला की कमी, आणि ७ च्या खाली गेला की फारच वाईट. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण त्या पुष्कळ घरांत फडताळातच पडून राहतात. शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून बाया त्या घेत नाहीत. काळे होण्यात धोका काही नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

मधुमेहाचेही असेच. तो आता फक्त शहरच्या लठ्ठ माणसांचा रोग राहिलेला नाही. गरोदरपणात तो पहिल्यांदाच उपटू शकतो. साखर वाढली की बाळ पोटात फार मोठे होते, अडते, आणि कधी कधी दिवस भरता भरता पोटातच जाते. घरच्यांना वाटते, बाळ चांगले गुटगुटीत होते, मग झाले तरी काय? दवाखान्यात साखरेचे पाणी पाजून रक्त तपासतात. ती तपासणी करून घ्यावी.

काही रोग जंतूंचे असतात. उपदंश, ज्याला लोक गरमी म्हणतात, तो आईच्या रक्तातून बाळाला मारतो. हे बोलायला लाज वाटते, पण लाजेने बाळ वाचत नाही. पेनिसिलिनच्या सुईने हा रोग बरा होतो. मात्र सुई नवरा-बायको दोघांनी घ्यायची, नाहीतर घरातला रोग घरातच फिरत राहतो. जंगलपट्टीत हिवतापही बाळाला बाधतो. म्हणून गरोदर बाईने मच्छरदाणीत झोपावे. बाईचा रक्तगट 'निगेटिव्ह' असेल तर तो सुरुवातीलाच माहीत हवा. त्यावर सुई आहे, ती वेळेवर मिळाली की पुढची बाळे वाचतात.

आता मिसरीविषयी थोडे जास्त लिहितो, कारण हे आपल्या मुलखाचे खास दुखणे आहे. दारूला आपण वाईट म्हणतो. बाईने बिडी ओढली तर गाव बोट दाखवते. पण सकाळी चुलीपुढे बसून मिसरी लावणे कोणालाच वाईट वाटत नाही. आई लावते, आजी लावते, सासू सुनेच्या हातावर काढून देते. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून त्याचे विष रक्तात जाते आणि तिथून वारेत. मुंबईत गरोदर बायांची अशी पाहणी झाली. ती २००४ आणि २००६ साली छापून आली. मिसरी-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. आणि त्यांच्यात मृत जन्माचे प्रमाण न वापरणाऱ्या बायांच्या सुमारे अडीच पट होते. चुलीचा धूर आणि घरातल्या पुरुषांच्या बिडीचा धूर यांनीही बाळाचे वजन घटते. तेव्हा "मी कुठं ओढते?" असे म्हणून मिसरीवाली बाई सुटत नाही, आणि "मी बाहेर ओटीवर ओढतो" असे म्हणून कारभारीही सुटत नाही.

वयाचा आणि अंतराचाही संबंध आहे. वीस वर्षांच्या आतली मुलगी स्वतःच वाढत असते. तिच्या बाळाला जोखीम जास्त. पस्तिशीनंतरही ती वाढते. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर असले, तर आईच्या अंगात पुन्हा रक्त भरते. मामे-आतेभावंडांच्या लग्नात काही जन्मजात दोषांचा धोका थोडा वाढतो. ज्या घरात असे एखादे मूल आधी गेले आहे, त्यांनी तर डॉक्टरांना ते नाते आवर्जून सांगावे.

खाण्याविषयी एक खुळी समजूत आहे. गरोदर बाईने पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते, म्हणून तिला हात आखडून वाढतात. त्यामुळे बाळ बारीक होते खरे, पण बारीक बाळच आधी जाते. जन्मताना वजन अडीच किलोच्या खाली असले तर जोखीम वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सोबती यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचे खाणे आणि काम मोजले. ज्या बायांच्या जेवणात पालेभाजी, फळे, दूध जास्त होते, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. ज्यांना शेतातले आणि घरातले काम जास्त होते, त्यांची बाळे हलकी होती. मेथी, शेपू, राजगिरा, पेरू, ताक ही काही श्रीमंतांची औषधे नाहीत. बाईच्या ताटात ती सगळ्यांत शेवटी पडतात, एवढीच अडचण आहे. ती ताट वाढणाऱ्याने दूर करायची आहे. सातव्या महिन्यानंतर डोक्यावरचा हंडा घरातल्या दुसऱ्या कोणी तरी उचलावा. पुरुषाने उचलला तर त्याची मान मोडत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण निराळी आहे. सहा-सहा महिने गाव सुटते. कार्ड घरी राहते, तपासणी चुकते. त्यांनी निघताना आईचे कार्ड कपड्यांबरोबर न विसरता बांधून घ्यावे, आणि फडाजवळच्या गावातल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात गाठावे. कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. ती हळू वाचा, आणि वाचता न येणाऱ्या शेजारणीलाही वाचून दाखवा.

पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळ पोटात फिरू लागते. सातव्यानंतर प्रत्येक आईला आपल्या बाळाची चाल कळते. कोणाचे सकाळी फिरते, कोणाचे जेवणानंतर, कोणाचे रात्री. बाळाला प्राणवायू कमी पडला की ते आधी फिरणे कमी करते. बोलता येत नाही, म्हणून ते असे सांगते. जुन्या बाया म्हणतात, "दिवस भरत आले की बाळ शांत होतं, जागा पुरत नाही." हे चूक आहे. लाथ मारण्याची तऱ्हा बदलेल, पण निरोगी बाळ शेवटपर्यंत फिरते. रोजच्यापेक्षा फिरणे कमी झाले, तर "उद्या बघू" म्हणून रात्र काढायची नाही. त्याच वेळी दवाखान्यात जाऊन बाळाचे ठोके ऐकून घ्यायचे. ठोके चांगले निघाले तर आनंदाने परत यायचे. दुसऱ्यांदा तसे वाटले तर दुसऱ्यांदा जायचे. नर्सबाई रागावेल म्हणून भिऊ नये.

सातव्यानंतर उताणे झोपू नये, कुशीवर झोपावे. उताणे झोपले की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि वारेला रक्त कमी जाते. आणि दिवस मोजून ठेवावेत. आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो, तो हिशेब बरोबर आहे. पण ते उलटून आठवडा गेला आणि कळा नाहीत, तर वाट पाहत बसू नये. वार जुनी होते, तिचे काम मंदावते. डॉक्टर कळा आणण्याची व्यवस्था करतात.

मग येतात कळांचे तास. जगातल्या मृत जन्मांपैकी दर दहांत सुमारे चार बाळे कळा सुरू झाल्यानंतर जातात. म्हणजे ती कळा येईपर्यंत जिवंत असतात! नऊ महिने तगलेले बाळ शेवटच्या काही तासांत जाते. हीच बाळे वाचवायला सगळ्यांत सोपी, आणि तीच हातची जातात.

का जातात? बाई अडते. बाळ आडवे असते. नाळ आधी बाहेर येते. किंवा बाळ पायाळू असते. पायाळू माणसाविषयी आपल्याकडे मोठे कौतुक. त्याचा पाय लावून पाठीची उसण उतरवून घेतात. पण जन्माच्या वेळी पायाळूपण धोक्याचे असते. पाय आधी येतात आणि डोके शेवटी अडकते, तेवढ्यात नाळ दाबली जाते. पहिलटकरणीच्या कळा बारा तासांपेक्षा लांबल्या, पाणी फुटून तास गेले तरी कळा नाहीत, पाणी हिरवे-काळे आले, अंगावरून रक्त जाऊ लागले, ताप आला, यांपैकी काही झाले तर घरी एक क्षणही घालवायचा नाही.

दुसरे एक पाप आहे. ते पापच, दुसरा शब्द नाही. कळा लवकर याव्यात म्हणून कोणी कंपाउंडर घरी येऊन सुई टोचतो. या सुईने पिशवी इतकी जोराने आवळते की बाळाला श्वासच मिळत नाही. कधी पिशवी फाटते आणि आईही जाते. हे औषध दवाखान्यात द्यायचे असते. तिथे ते सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. घरी ते कोणी देऊ लागला तर हात धरावा.

वेळ कुठे जातो ते पाहा. बाईला दुखते, पण सासूबाईला वाटते, थांबू थोडे. मग कारभारी शेतातून येईपर्यंत वाट पाहायची. तो आला की पैशांची जुळवाजुळव, मग गाडी शोधणे. दवाखान्यात पोचल्यावर तिथून मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. यातला एकेक तास बाळाच्या आयुष्यातून वजा होतो. म्हणून आठव्या महिन्यातच घरात बसून ठरवावे: कोणत्या दवाखान्यात जायचे, कोणाची गाडी, बरोबर कोण जाणार, घरी गुरे-पोरे कोण बघणार, रक्त लागले तर कोण देणार. १०२ आणि १०८ हे गाडीचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण यांना पैसे पडत नाहीत. २०११ पासून तसा नियम आहे. आणि कारभारी घरी नसेल तर निघायचा हुकूम कोणी द्यायचा, तेही आधीच ठरवा. आमचे मत विचाराल तर तो अधिकार जिला कळा येतात तिलाच असावा.

बाळ जन्मले. आता पहिला एक मिनिट. बाळ रडले की श्वास सुरू झाला. नाही रडले, तर कोरड्या फडक्याने पुसून पाठ चोळायची. तरी नाही, तर पिशवी आणि मुखवटा लावून हवा भरायची. हे ज्याला येते असा माणूस आणि ती पिशवी जवळ हवी, म्हणूनच दवाखान्यात बाळंतपण करायचे. बाळाला उलटे टांगून फटके मारणे, तोंडावर गार पाणी मारणे, कांदा फोडून नाकाशी धरणे, यांनी वेळ जातो, श्वास येत नाही.

नंतर थंडी. पोटातली ऊब सोडून ओले बाळ बाहेर येते. आपल्याला गार वाटत नाही अशा हवेतही ते गारठते. आणि आपण त्याला लगेच आंघोळ घालतो! एक दिवस तरी आंघोळ नको. बाळ हलके असेल तर त्याहून जास्त दिवस नको. कोरडे पुसावे, डोक्याला टोपरे घालावे, आणि आईच्या छातीवर उघड्या अंगाला उघडे अंग लावून ठेवून वरून पांघरूण घालावे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, त्यामागे ऊब देण्याचा विचार चांगला आहे. पण ओवा-शेपाची धुरी बाळाच्या छातीला सोसत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाविषयी लोक म्हणतात, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही." हे साफ खोटे आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचा. आठव्याचे बाळ सातव्यापेक्षा जास्तच धट्टे असते. पण ही समजूत असली की लोक आठव्याच्या बाळाची आशा सोडतात आणि ते खरेच जाते. मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर लगेच मोठ्या दवाखान्यात जावे. तिथे आईला सुई देऊन बाळाची फुप्फुसे लवकर पक्की करता येतात.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात बोगोटा नावाचे शहर आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या इस्पितळात काचेच्या पेट्या कमी आणि हलकी बाळे फार, अशी गत झाली. तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी बाळे आयांच्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू नावाचे जनावर आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत बाळगते, म्हणून याला 'कांगारू' पद्धत म्हणतात. पुढे भारत आणि आफ्रिकेतले चार देश, अशा पाच देशांतल्या इस्पितळांत याची परीक्षा झाली. आपल्याकडचे दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली. २०२१ साली निकाल छापला. ज्यांना नेहमीसारखे आधी वेगळे ठेवले त्यांच्यात दर १०० मागे सुमारे १६ गेली, आणि छातीशी ठेवलेल्यांत १२. छातीशी धरायला काही खर्च येत नाही. आई दमली तर बापाने धरावे, आजीने धरावे.

दूध पहिल्या तासातच पाजावे. पहिले पिवळे घट्ट दूध म्हणजे चीक. गाईचा चीक आपण खरवसासाठी जपून आणतो, शेजाऱ्यालाही वाटी देतो. आणि बाईचा चीक मात्र जड म्हणून पिळून टाकतो! वासराला जे दिले, ते पोराला नाकारतो. त्या चिकात रोगाशी झगडण्याची ताकद असते. मध, गुटी, साखरपाणी, एरंडेल काहीही नको. सहा महिने फक्त आईचे दूध.

नाळेला हळद, राख, शेण, तेल लावू नये. कोरडी ठेवावी. पूर्वी धनुर्वाताने किती बाळे जात! आईला दिलेल्या लसीने आणि नाळ कापायच्या स्वच्छ पात्याने तो इतका हटला की २०१५ साली भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. लस चुकवू नका, म्हणजे तो परत येणार नाही. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, मग तो बारशाला आलेला पाहुणा का असेना.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही येते. तिला बाळ उघडे करून पाहू द्या. बाळंतीण नजर लागेल म्हणून बाळ पदराखाली लपवते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. पण पुढच्या खुणा घरच्यांनाही ओळखता यायला हव्यात: बाळ दूध ओढायचे सोडते, रडणे मंद होते, हातपाय ढिले पडतात, अंग गार लागते किंवा तापते, श्वास धापेचा चालतो, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात. यांतली एकच खूण पुरे. जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. बाळ छातीशी धरून तिथे न्या.

एवढे सारे करूनही काही बाळे जातात. काहींचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. तेव्हा त्या बाईशी कसे वागायचे, हेही शिकायला हवे. तिला बाळ पाहायचे असेल, जवळ घ्यायचे असेल, तर घेऊ द्यावे. "बघू नको, मन धर" म्हणून झाकून नेऊ नये. तिला नको असेल तर आग्रहही नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची छाती दुधाने भरते आणि पाजायला बाळ नसते. तिला याची आधी कल्पना द्यावी. थंड पाण्याची घडी ठेवावी, पिळत राहू नये. पाळणाघर आवरायची, कपडे देऊन टाकायची घाई करू नये. आणि नवऱ्याने तिच्याजवळ बसावे. त्याचेही बाळ गेलेले असते.

मृत जन्माचीही नोंद करायची असते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत करावी. डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण काय होते? रक्तदाब होता का? साखर होती का? वार कशी होती? बाळाचे वजन किती? ते कागदावर लिहून मागावे. ज्या बाईचे एक बाळ असे गेले आहे, तिला पुढच्या वेळी जोखीम जास्त असते, आणि तिची तपासणी जास्त वेळा व्हायला हवी. म्हणून तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा, आणि पुन्हा दिवस गेले की पहिल्याच तपासणीला बरोबर न्या.